घरून आलेलं पत्र

मोशीच्या वर्षालीला इंद्रायणीत पोहायला वडिलांनीच शिकवलं होतं. बुडालेल्यांना शोधणाऱ्या पथकात जायचं म्हणून तिने चार महिने प्रशिक्षण घेतलं. पाठीवर हवेची टाकी बांधून, गढूळ पाण्यात नुसत्या हातांनी चाचपत तिने भल्याभल्यांना मागे टाकलं. तरीही निवडीच्या यादीत तिचं नाव नव्हतं.

"तुला फिट येते, हे लपवलंस कशाला?" पथकाच्या साहेबांनी दरडावलं.

"मला? कधीच नाही, सर!"

साहेबांनी तिच्या घरून आलेलं पत्र पुढे केलं. खाली वडिलांची सही होती. ती तशीच घराकडे निघाली.

घरी पोचली तेव्हा वडील पेढ्यांचा पुडा घेऊन दारातच उभे होते. त्यांच्यामागे उभ्या आईने मात्र तिची नजर चुकवली.



"काय गं पोरी, लागलं का न्हाई तुझं नाव?"