टपावरची थाप

मिठागराच्या बांधापाशी आली की काळूरामच्या जुन्या डिझेल गाडीचा जोर जायचा. मालक त्याला कामावरून काढायला निघाला होता. काशिराम मिस्त्रीने फिल्टर बदलला, पाइपातली हवा काढली, तरी फरक पडेना.

"तूच पाय उचलतोस, दुसरं काय नाय," म्हणत तो भर दुपारी काळूरामला शेजारी बसवून स्वतः चालवायला बसला.

बांधापाशी पेडल पुरतं दाबलेलं असताना इंजिन मंदावलं. टपावर दोन थापा पडल्या आणि गाडीने वेग घेतला. मिठागरातल्या बायांची ती रीतच होती: मागे हौद्यात चढल्या की दोन थापा, उतरायचं असलं की एक.

"मागं कोण हाय?"

"कोन नाय. गाडी रिकामी हाय."

पनवेलात काशिरामच्या घरासमोर इंजिन पुन्हा मंदावलं.

टपावर एकच थाप पडली.