जत्रा : दर वर्षी, कायम

देवी सातेरीनं सकाळी साडेनऊला उजवा कौल दिला, जत्रेची तारीख ठरली अकरा फेब्रुवारी, आणि दहाच्या ठोक्याला गंगाराम धुरी देवळातून थेट कॉम्प्युटरसमोर येऊन बसले.

"चपला," मथुराबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

गंगारामांना ऐकायला वेळ नव्हता. बाराच्या आत आमंत्रण पुण्याला पोचायला हवं होतं. लेक प्राजक्ता तिथे नर्स. आज बाराला फेब्रुवारीच्या ड्युट्या लागायच्या होत्या, आणि पंचांगात नसलेल्या जत्रेसाठी रजा मागितली की मेट्रन विचारायची, "लेखी काही आहे का?" असं करून सहा जत्रा हुकल्या. म्हणून यंदा लेकीनं बजावलं होतं, बाबा, फोन नको, कॅलेंडरमधून आमंत्रण पाठवा, ते मी दाखवते.

गणपतीला आली तेव्हा तिनं जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स घातलं होतं, तेही मराठीत. टपाल आणि कॅलेंडर एकाच ठिकाणी असलेला एक प्रोग्राम टाकला होता. खातं जोडायचं काम मात्र मुद्दाम बाबांवर सोडलं. छत्तीस वर्षं गावचं पोस्ट चालवलेला माणूस, त्याला टपालाचं काय शिकवायचं!

प्रोग्राम उघडला. त्यानं आधी नाव विचारलं, मग पत्ता. मग विचारलं, येणारं टपाल कुठून घ्यायचं? जाणारं टपाल कुठून पाठवायचं? गंगाराम ताठ बसले. ह्या दोन पिशव्या त्यांच्या ओळखीच्या होत्या. लेकीनं लिहून दिलेल्या चिठ्ठीवरून त्यांनी एकेक अक्षर उतरवलं. पासवर्ड दोनदा चुकला.

"पयला अक्षर मोठा," मथुराबाईंनी आतून लेकीची सूचना ऐकवली. "चेडवान सांगल्यान हुता."

तिसऱ्यांदा दार उघडलं आणि भराभर पत्रं येऊन पडली. एक्याण्णव. सगळी बँकेची आणि विम्याची, पण गंगारामांना ती एखाद्या सणाच्या टपालासारखी वाटली.

मग कॅलेंडर. नवीन कार्यक्रम. विषय : श्री देवी सातेरीची जत्रा. दिवस : अकरा फेब्रुवारी, पूर्ण दिवस. निमंत्रित : प्राजक्ता. एवढ्यावर थांबले असते तर भागलं असतं. पण पुढे आणखी एक पान होतं, पुनरावृत्तीचं, आणि फॉर्मातला रकाना मोकळा सोडायचा नाही ही पोस्टातली शिस्त अंगात मुरलेली. दर किती वर्षांनी? एक. कधीपर्यंत? जत्रा काय बंद पडणार आहे? त्यांनी 'कायम' निवडलं आणि पावणेबाराला 'पाठवा' दाबलं.

मथुराबाई पदराला हात पुसत आल्या. लेकीनं पुढचं वर्ष दाखवणारा बाण दाबायला शिकवलं होतं, तो त्यांनी दाबला.

"ओ, ह्या काय? फुडल्या वर्साक पण अकरा फेब्रुवारीच?" त्यांनी पुन्हा दाबला. "तेच्या फुडल्या वर्साक पण? देवीक कोणी इचारल्यान?"

गंगारामांचा चेहरा उतरला. जत्रेची तारीख देवीची. ती दर वर्षी कौल लावून तिच्याकडे मागायची असते, आणि त्यांनी तर जगबुडीपर्यंतच्या तारखा परस्पर देऊन टाकल्या होत्या. त्यातून मेट्रनच्या हातात हा कागद पडला तर ती म्हणेल, ही रजा आहे की पेन्शन? सातवी जत्राही गेली म्हणायची. आमंत्रण मागे घ्यायचं बटण ते शोधू लागले, पण पेटीत पडलेलं पत्र परत मिळत नाही, हे आयुष्यभर त्यांनीच लोकांना ऐकवलं होतं.

बाराला पाच मिनिटं असताना कॉम्प्युटर टिंग वाजला.

'प्राजक्ता धुरी : स्वीकारलं.' खाली दोन ओळी होत्या. 'बाबा, रजा मिळाली, मेट्रन पोट धरून हसल्या. पुढच्या सगळ्या वर्षांनाही हो म्हटलंय, देवी तारीख देईल तशी बदलत जा.'

गंगारामांनी ते दोनदा मोठ्यानं वाचलं. मग नुसतेच हसत बसले. इतका आनंद त्यांना निवृत्तीच्या दिवशीही झाला नव्हता.

"चेडू येतला," मथुराबाई म्हणाल्या. त्यांनी खुर्ची ओढली आणि पुन्हा बाण दाबायला घेतला. तीस साल, पस्तीस, चाळीस. प्रत्येक जत्रेवर लेकीची हिरवी खूण होती. अठ्ठेचाळीस सालावर त्या थांबल्या.

"तेव्हा तुमी किती वर्सांचे आसतलास?"

"नव्वदीचो."

"हय तर तुमी हजर म्हणान लिवलेला आसा."

खरंच होतं. आमंत्रण देणाऱ्याची हजेरी प्रोग्रामनं आपणहून धरली होती, सगळ्या वर्षांची.

"मी नाय लिवलंय," गंगाराम म्हणाले. "तेनाच धरल्यान."

मथुराबाईंनी पडद्याजवळ जाऊन नीट पाहिलं.

"मगे माझा नाव खंय?"

गंगारामांनी निमंत्रितांची यादी उघडली आणि एका बोटानं सावकाश लिहिलं, मथुरा गंगाराम धुरी. शेजारचा रकाना मोकळाच राहिला होता.

"हय पत्तो मागता गो. तुझो काय घालू?"

"माझो येगळो पत्तो कधी हुतो?" मथुराबाई म्हणाल्या. "आणि त्या चपला काढा आता."