दुसरी ओळ

"कुठल्या गल्लीत राहतेस म्हणालीस?" घरच्या मालकिणीने, तहमीना बाजीने, पुन्हा विचारलं.

"कालव्यापलीकडे, बाजी. दर्ग्याच्या मागे." कांदा चिरता चिरता नसीमने पुन्हा तीच थाप मारली.

पाकिस्तानातल्या सियालकोटच्या त्या घरात ती स्वयंपाकाला लागून महिना होत आला होता. नाव मुसलमान-ख्रिस्ती दोन्हीकडे चालणारं, म्हणून निभावलं. ती ख्रिस्ती वस्तीतली आहे हे इथे कुणाला ठाऊक नव्हतं. ख्रिस्ती बाईच्या हाती इथे झाडू देतात, चूल देत नाहीत. रंगकाम करणारा तिचा नवरा यूनस परांचीवरून पडला होता आणि मोडका पाय घेऊन घरी बसला होता. ही चूल गेली तर घरची विझणार होती. शिवाय 'आमची भांडी बाटवली' अशी ओरड झाली, तर जमाव वस्तीत शिरायला कितीसा वेळ लागतो?

म्हणून ती डोळ्यांत तेल घालून वागायची. वस्तीत नुसतं 'सलाम' चालतं. इथे ती दारातच पूर्ण 'अस्सलाम अलैकुम' म्हणायची. बाजी मात्र तुटकपणे 'सलाम' एवढंच परत करायची. मोठ्या घरची घमेंड, दुसरं काय! झाडूवाली बशीरा तिच्याच वस्तीतली. तिचा कप वेगळा, मोरीतल्या नळाखाली ठेवलेला. नसीम त्यात वरून चहा ओतायची आणि दोघी ओळख दाखवायच्या नाहीत. तेव्हा नसीमला स्वतःचीच शिसारी यायची.

बाजी मांजरीसारखी पावलं न वाजवता मागे येऊन उभी राहायची.

"रविवारीच तुला उशीर होतो. का गं?"

"नवऱ्याची मलमपट्टी असते, बाजी."

"रविवारी?" एवढंच म्हणून ती निघून गेली. चोराच्या मनात चांदणं. नसीमच्या हातून त्या दिवशी भाजी करपली.

मग एकदा अम्माजींनी, म्हणजे बाजीच्या सासूने, शेजारणींना कुराण वाचायला बोलावलं. वाचन संपलं, चहाची गडबड उडाली. कणीक मळता मळता नसीमचं भान सुटलं. चर्चमध्ये म्हणतात त्या पंजाबी स्तोत्राची चाल ओठांवर आली. शब्द नाहीत, नुसती चाल. पहिली ओळ संपली आणि ती भानावर आली.

दारात बाजी उभी होती.

"काय गुणगुणत होतीस?"

"लग्नातलं गाणं, बाजी."

"कुणाच्या लग्नातलं?"

नसीम खाली मान घालून पुन्हा कणीक मळू लागली. बाजी चहाचा ट्रे उचलून बाहेर गेली. थोड्या वेळाने बैठकीतली बडबड एकदम थांबली. नसीमने कान दिला. सांगितलंन वाटतं मेलीने!

बाजी आत आली आणि तिने कडी लावली. चेहरा पांढराफटक.

"मागच्या दाराने नीघ. पुन्हा या घरी यायचं नाही."

नसीमने तिचे पाय धरले. "चुकले, बाजी! पोटासाठी खोटं बोलले. पण त्यांना का सांगितलंत? वस्तीत लेकरंबाळं आहेत हो!"

"तुझं नाव कुणी काढलेलं नाही."

"मग सगळ्या गप्प का झाल्या?"

बाजी मटकन तिच्याशेजारी जमिनीवर बसली. बाहेरून अम्माजींची हाक आली, "तहमीना, ते काय म्हणालीस मघाशी? परत म्हण बघू!"

"पहिली ओळ तू गुणगुणलीस," बाजी पुटपुटली, "आणि दुसरी बाहेर त्यांच्यासमोर माझ्या तोंडून गेली. शब्दांसकट."