पाहुणचार

सासूबाईंच्या दारातून मीटर बघायला आलेला माणूसही कधी उपाशी गेला नव्हता. म्हणून त्यांच्या स्तनातल्या गाठीबद्दल डॉक्टरीणबाई बोलल्या, तेव्हा काळजीतही सुनेला हसू आवरेना.

"शरीराच्या पहारेकरी पेशी परकं काही दिसलं की त्याला खाऊन टाकतात. यांच्या पेशी मात्र गाठीलाच खाऊपिऊ घालतायत. वर पसरायला वाटही दाखवतायत."

"घरचंच वळण," सून म्हणाली. सासूबाई ओशाळल्या.

उपचार सुरू झाले. काही महिन्यांनी डॉक्टरीणबाईंनी दोघींना गाठीतून नव्याने काढलेल्या तुकड्याचं चित्र पडद्यावर मोठं करून दाखवलं. "पहारेकरी भानावर आलेत. गाठ निम्मी झालीय. हे बघा, कसे तुटून पडलेत तिच्यावर."

सुनेने सासूबाईंचा हात घट्ट धरला. सासूबाई मात्र पडद्यावरच्या त्या पंगतीकडे डोळे भरून बघत होत्या. मग मान खाली घालून, आग्रहानं वाढताना लागायचा तोच आवाज लावून, त्या स्वतःच्या छातीला म्हणाल्या,

"सावकाश होऊ द्या. पण पानात काही टाकायचं नाही हं."