ओसाड मतदारसंघ

ठराव पडला. कमिटीतली मिरकाब भागाची जागा काढून सुलैबियाला द्यावी, यासाठी जेमतेम चार हात वर झाले. "नामंजूर," आखातातल्या मराठी माणसांच्या स्नेहबंध मंडळाचे अध्यक्ष सलील म्हणाले.

ठराव मांडणारी सुनंदा खाली बसली नाही. ती शाळेत इतिहास शिकवायची. तिचा नवरा जयप्रकाश वर्षानुवर्षं कमिटीत मिरकाबचा प्रतिनिधी होता. तिथल्या जुन्या इमारती पडल्या, मराठी कुटुंबं सालमियात आली. मंडळाच्या यादीत जुन्या पत्त्यावर मतदार उरले तीन: जयप्रकाश, सुनंदा आणि त्यांची मुलगी ओवी. सुलैबियाच्या कामगार कॅम्पात मात्र मंडळाचे शेकडो कोकणी सभासद होते आणि कमिटीत त्यांचं कुणीच नव्हतं. गेल्या महिन्यात तिथला एक सुतार वारला. कागदपत्रांसाठी त्याचा सोबती काशिनाथ एकटाच वणवण फिरला. मंडळाला पत्ता लागला तो पार्थिव गावी पोचल्यावर. काशिनाथ आज मागच्या खुर्चीवर बसला होता.

"आयर्लंडमध्ये बॅनो नावाचं गाव होतं," सुनंदा म्हणाली. "वाळूखाली गाडलं गेलं. तरी सन अठराशेपर्यंत त्याच्या नावाने दोन जण पार्लमेंटात बसत होते."

"वहिनी, हा शाळेचा वर्ग नाही," सलील हसले. "आता निवडणूक. मिरकाबमधून नेहमीप्रमाणे जयप्रकाश. आणखी कुणी?"

"उमेदवार मिरकाबला राहणारा लागतो का?"

सलीलनी जयप्रकाशकडे पाहिलं. तो स्वतःच सालमियात राहत होता. "नाही... तसा नियम नाही."

"मग मी काशिनाथ मेस्त्रींचं नाव सुचवते."

काशिनाथ गडबडून उभा राहिला.

"सुनंदा, अगं, घरी बोलायचंस!" जयप्रकाश पुटपुटला.

"बोलले होते. तू हं हं करत होतास."

मिरकाबच्या तिघा मतदारांचं मतदान हात वर करून झालं. जयप्रकाशने स्वतःला मत दिलं. सुनंदाने काशिनाथला. मग सगळ्यांच्या नजरा ओवीकडे वळल्या. याच वर्षी तिला मताचा हक्क मिळाला होता. तिने बाबांकडे पाहिलं, ओठ घट्ट मिटले.

"सॉरी, बाबा," ती म्हणाली आणि काशिनाथसाठी हात वर केला.

अशा रीतीने सुलैबियाचा पहिला प्रतिनिधी मिरकाबमधून निवडून आला.