मागून नाम कोण घेणार?

"बुवा, फार दुखतंय का?" कानातल्या यंत्राने सुचवलं तसं शालन सिस्टरने विचारलं. मरणाऱ्या माणसाशी काय बोलावं हे यंत्र सांगू लागल्यापासून एकही नर्स अडखळत नसे.

रंगनाथबुवा हसले. "दुखणं राहू दे गं पोरी. जन्मभर कीर्तन केलं. मी थांबलो की टाळकरी मागून नाम उचलायचे. आज तूच माझी टाळकरी. तू नाम घे, म्हणजे मी सुखानं जाईन."

त्यांनी डोळे मिटले. "विठ्ठल... विठ्ठल..." आवाज विरला.

शालनचे ओठ हलले. आजोळच्या देवळात लहानपणी ती हेच तर म्हणायची. पण आज चुकलं तर? तिने कानाकडे लक्ष दिलं.

"रुग्ण विश्रांती घेत आहे. शांत राहा."

ती शांत राहिली. टाळीसाठी उचललेला बुवांचा हात थोडा वेळ तसाच राहिला, मग गादीवर पडला.

बाहेर त्यांच्या लेकीपुढे शालनला शब्द कमी पडले नाहीत. यंत्र पुरवत होतं.

"किती धीर देता हो सिस्टर!" लेकीने डोळे पुसले. "शेवटी बाबांच्या कानावर नाम पडलं ना?"

"हो म्हणा," यंत्र म्हणालं.

"हो," शालन म्हणाली.