चुकलेली गणितं

सातवीच्या गणित स्पर्धेसाठी खोतकर बाई शाळा सुटल्यावर सहा मुलांचा वर्ग घ्यायच्या. गणित सुटलं की घरी जायचं, असा त्यांचा शिरस्ता होता. पाच जण पटापट निघून जात. पिशोरहून औरंगाबादेत राहायला आलेली चतुरा मात्र रोज मागं राहायची. दोन नळ मिळून टाकी चार तासांत भरतात, पहिला एकटा सहा तासांत भरतो, तर दुसऱ्या एकट्याला किती वेळ लागेल? चतुराचं उत्तर कधी आठ यायचं, कधी दहा. बाई न चिडता तिच्या शेजारी बाकावर बसायच्या आणि पुन्हा पहिल्यापासून समजावायच्या. शिपाई कुलूप घेऊन दारात उभा राहीपर्यंत हे चालायचं.

स्पर्धेचा निकाल लागला. शंभरपैकी शंभर गुण मिळवून चतुरा जिल्ह्यात पहिली आली होती.

बाईंनी तिला एकटीला बोलावून घेतलं. "तुला सगळं येत होतं ना गं?"

"व्हय, बाई."

"मग वर्गात रोज चुकत का होतीस?"



"आई वारली, बाई. बाबा वाळूजच्या कंपनीत दुसऱ्या पाळीला असतात. मी घरी जाते तवा ते गेलेले असतात, सकाळी मी निघते तवा झोपलेले. तुम्ही घरी पाठवलं की दुसऱ्या दिवशी शाळा भरेपर्यंत माझ्याशी कुणीच बोलत नाय."